अकरा पावलं

“आज कोशिंबीर नाही केलीस?” आईनं वहिनीला विचारलं.

कोशिंबीर होती. काकडीची, वर दाण्याचं कूट. ताटात तिची जी जागा, तिथंच वाढलेली: डावीकडे, चटणी आणि लिंबाच्या फोडीशेजारी. उजवीकडची भाजी-आमटी संपली होती. भाताच्या मुदीचा उजवा भाग संपला होता आणि डावा सुरीनं कापल्यासारखा तसाच उभा होता. वहिनीनं काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. “अगंबाई, ही आत्ता वाढलीस होय?” म्हणत आईनं कोशिंबीर संपवली.

तिला रुग्णालयातून सांगलीच्या घरी आणून तेव्हा तीन आठवडे झाले होते. मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला होता, त्यामुळं शरीराची डावी बाजू गेली होती. इतपत आम्हाला समजलं होतं. पण डावी बाजू म्हणजे नुसता डावा हात आणि डावा पाय नव्हे, हे त्या ताटानं शिकवलं. तिचे डोळे शाबूत होते. डावीकडून येणारं सगळं डोळ्यांपर्यंत पोचत होतं आणि तिथून पुढं कुणी दखलच घेत नव्हतं. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की पुष्कळांचं असं होतं. डॉक्टर त्याला ‘निग्लेक्ट’ म्हणतात. डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटतो. एका पायात चप्पल जाते, दुसरा तसाच राहतो. पुरुषाची दाढी अर्धीच होते.

घरी येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला: “चालायला लागल्या का?”

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला वर्ष लागलं. ते अजूनही सरळ हो किंवा नाही असं देता येत नाही.

वारं

आपल्याकडं म्हणतात, अंगावरून वारं गेलं. शब्द फार सुरेख आहे आणि फार घातक. वारं म्हटलं की ते येतं आणि जातंही. थोडं थांबलं, शेक दिला, तेल चोळलं की जाईल असं वाटतं. आमच्या घरी नेमकं हेच झालं. सकाळी सहाला आईच्या हातातून चहाचं पातेलं निसटलं. हात अंगाखाली दबला असेल म्हणून बाम चोळला. आठ वाजता बोलणं जड झालं, तेव्हा पित्त झालंय म्हणून कोकम सरबत दिलं. रुग्णालयात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते.

रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. १९९५ साली अमेरिकेतल्या अभ्यासानं तीन तासांची मर्यादा घालून दिली होती, २००८ साली युरोपातल्या अभ्यासानं ती साडेचारपर्यंत नेली. आम्ही पाच तास घरात घालवले. तोंड वाकडं होणं, एक हात वर न राहणं, बोलणं अडखळणं, यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघायचं आणि निघायचं, हे आता आमच्या गल्लीत मी सगळ्यांना सांगते. दरवर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन पाळतात. बहुतेक वर्षी तो दिवाळीच्या आगेमागे येतो आणि फराळाच्या गडबडीत निघून जातो.

मग सल्ले सुरू झाले. कुणी तेल सांगितलं, कुणी कबुतर सांगितलं, कुणी अमक्या गावचा वैद्य. बाबा सगळं ऐकून घेत आणि वहीत लिहून ठेवत. त्यांना काहीतरी करायचं होतं. करण्यासारखं जे होतं ते इतकं कंटाळवाणं आणि इतकं छोटं होतं, की ते उपचार आहेत यावर विश्वास बसत नव्हता. खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. दिवसातून चाळीस वेळा.

उभं राहणं ही काय चीज आहे

“काकू, नाक पुढं आणा. अजून. पायाच्या बोटांवर येऊ दे नाक. आता उठा.”

फिजिओ ताई पहिल्या दिवशी हेच सांगत होत्या आणि आई मागं रेलूनच उठायचा प्रयत्न करत होती. खुर्चीतून उठताना आपण आधी पुढं पडतो, मग ते पडणं पायांनी सावरतो. निरोगी माणसाला हे कळतही नाही. पुढं झुकण्याची भीती बसली की ढुंगण खुर्चीवरून सुटतच नाही आणि घरचे काखेत हात घालून ओढू लागतात. लकव्यानं लुळा पडलेला खांदा आधीच सैल झालेला असतो. तो ओढला की सांधा निखळायला आलाच. आमच्याकडं पहिल्या आठवड्यात हेच झालं. सुट्टी देताना औषधांची यादी समजावून सांगितली होती. माणसाला उठवायचं कसं, ते कुणी सांगितलं नव्हतं. त्या खांद्यानं पुढं चार महिने आईला झोपू दिलं नाही.

ताईंनी बाबांची जुनी धोतरं मागवली. एकाची रुंद घडी घालून आईच्या कमरेला पट्ट्यासारखी बांधली. “धरायचं ते इथं. हाताला कुणी हात लावायचा नाही. उभं राहायचं दुबळ्या बाजूला, अर्धं पाऊल मागं. काठी नेहमी चांगल्या हातात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा आधी.”

तोल ही एका अवयवाची गोष्ट नसते. डोळे सांगतात क्षितिज कुठं आहे, कानाच्या आतला भाग सांगतो डोकं किती कललंय, तळपाय आणि घोटे सांगतात जमीन कशी आहे. मेंदू या तिन्ही बातम्या जुळवून दर क्षणी दुरुस्त्या करत असतो. आपण स्थिर उभे असतो तेव्हाही खरं तर सारखे डुलतच असतो. पक्षाघातात तळपायाची बातमी तुटली की माणूस डोळ्यांवर विसंबतो. म्हणून दिवसा चालणारा माणूस रात्री अंधारात पडतो, आणि म्हणून आमच्या घरी ताईंनी सर्वांत आधी आणायला लावलेली वस्तू म्हणजे झिरोचा दिवा. पलंगाजवळ एक, मोरीत एक.

चालणं त्याहून अवघड. साध्या चालीत जवळजवळ ८० टक्के वेळ आपण एकाच पायावर असतो. दोन्ही पाय जमिनीवर असतात ते उरलेले २० टक्के. ज्या पायावर भरवसा नाही त्याच्यावर सगळं अंग टाकायचं आणि दुसरा उचलायचा, हे दर पावलाला. त्यात दुबळं पाऊल खाली लोंबतं, बोटं जमिनीला घासतात. मग ती घासू नयेत म्हणून माणूस कंबर उचलून पाय बाहेरून अर्धगोलात फिरवत पुढं आणतो. आपल्या प्रत्येक गावात असा पाय फेकत चालणारं कुणीतरी असतं. पाऊल वर धरून ठेवणारा प्लास्टिकचा स्प्लिंट बुटात बसतो. चपलेत बसत नाही, आणि घरात बूट घालून फिरायचं ही कल्पनाच आईला विटाळासारखी वाटली. शेवटी घरात घालायचा वेगळा कोरा बूट आणला, तेव्हा ती राजी झाली.

फिजिओच्या दवाखान्यात दोन समांतर दांड्यांमध्ये, समोरच्या उंच आरशात बघत, एक निवृत्त कंडक्टर चालायचे. एस.टी.त उभं आयुष्य गेलेलं. एक दिवस दांडी सोडायला सांगितली तर ते थरथरायला लागले आणि मग हसले. म्हणाले, “आटपाडीच्या रस्त्याला धावत्या गाडीत, दोन्ही हात सोडून तिकिटं फाडलीत मी. आता गाडी उभी आहे, रस्ता उभा आहे, आणि मीच हलतोय.”

मोजमाप

पुनर्वसनाच्या शास्त्राला मोजायची फार हौस आहे, आणि त्यातली काही मापं विलक्षण माणुसकीची आहेत. १९८९ साली कॅनडात कॅथरिन बर्ग यांनी तोल मोजायची पट्टी तयार केली. साध्या १४ कृती, प्रत्येकीला ४ गुण, एकूण ५६: आधाराशिवाय बसणं, डोळे मिटून उभं राहणं, जमिनीवरची वस्तू उचलणं, मागं वळून बघणं. आईला पहिल्यांदा मिळाले ११. वस्तू उचलायला ताईंनी चप्पल ठेवली होती. आई म्हणाली, “चप्पल कशाला उचलू? फूल ठेव.” पुढच्या वेळी जास्वंदीचं फूल ठेवलं.

दुसरी पट्टी त्याहून जुनी. १९६५ साली अमेरिकेत मेरीलँडमध्ये फ्लॉरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी प्रसिद्ध केलेली. माणूस स्वतःचं स्वतः किती करतो याचे १०० गुण. मला वाटलं होतं निम्मे तरी चालण्याला असतील. चालण्याला आहेत १५. पलंगावरून खुर्चीत स्वतः जाण्याला तितकेच १५. उरलेले जेवणं, अंघोळ, तोंड धुणं-भांग, कपडे, शी-शू वर ताबा, संडासला जाणं आणि जिना यांत वाटलेले. म्हणजे न चालणारा माणूसही बऱ्यापैकी स्वावलंबी असू शकतो, आणि चालणारा माणूस पूर्ण परावलंबी. आमच्याकडं येणाऱ्या पाहुण्यांचा प्रश्न शंभरातल्या पंधरा गुणांबद्दल होता.

तिसरं माप वेगाचं. कॅलिफोर्नियातल्या जॅकलिन पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली पक्षाघातातून उठलेल्या माणसांच्या चालण्याचा वेग आणि त्यांचं जग यांचा मेळ घातला. सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेग असेल तर ते माणूस घरातल्या घरात फिरतं. ०.४ ते ०.८ मध्ये गल्ली, जवळचं दुकान इतपत. ०.८ च्या वर गेलं की जग खुलं. रस्ता ओलांडण्याच्या सिग्नलची वेळ ठरवताना अनेक देशांत चालणाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात, हे कळल्यावर मला चौकात अर्ध्यात अडकून हात वर करणारी सगळी म्हातारी माणसं आठवली.

मीही घरात माप घेतलं. आईच्या पलंगापासून मोरीपर्यंत माझी अकरा पावलं. टेपनं साडेसहा मीटर. वाटेत एक उंबरठा, एक वळण आणि मोरीच्या तोंडाशी एक उतार. आईला पहिल्यांदा, मी कमरेचं धोतर धरलेलं असताना, ३१ पावलं आणि ५८ सेकंद लागले. अमेरिका, युरोप, चौक, सिग्नल सगळं बाजूला राहिलं. आमचं जग म्हणजे ते साडेसहा मीटर होतं, कारण तिला सगळ्यांत जास्त काय लागत असेल तर ते चालता न येणं नव्हतं. रात्री मोरीत जायला कुणाला तरी उठवावं लागणं, हे होतं. ती पाणी पिणंच कमी करायची. संध्याकाळी सहानंतर एक घोट नाही. दोनदा लघवीचा संसर्ग झाल्यावर आम्हाला कारण कळलं.

धरणारे हात

आम्ही वाईट माणसं नाही. आम्ही सेवा करत होतो. “तू बस, मी देते.” “आई, उठू नकोस, पडशील.” “भांडं ठेव, वहिनी बघेल.” पन्नास वर्षं ज्या बाईनं घर चालवलं तिला आम्ही प्रेमानं पाहुणी करून टाकलं. वापरायची गरजच पडली नाही की दुबळा हात मेंदूच्या हिशेबातून बाद होतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी याला न वापरण्याची शिकलेली सवय म्हटलं, आणि चांगला हात बांधून ठेवून दुबळ्याला कामाला लावायची उपचारपद्धतच उभी केली. आमच्या घरी ती सवय आम्हीच शिकवत होतो, दिवसातून पन्नास वेळा.

आणि बोलणं. आई उठली की चारी दिशांनी आवाज: “सावकाश!” “डावीकडं बघ!” “काठी!” ताईंनी एक दिवस हात जोडले. चालणं ज्याचं आपोआप होत नाही, त्याला प्रत्येक पाऊल विचार करून टाकावं लागतं; त्याच्याशी बोललं की तो विचार तुटतो. १९९७ साली स्वीडनमध्ये एका वृद्धनिवासात ५८ जणांना चालता चालता बोलतं केलं. १२ जण उत्तर द्यायला थांबले, आणि त्यातले १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. त्या दिवसापासून आमच्या घरात नियम झाला: आई चालत असताना कुणी तोंड उघडायचं नाही. कुकरची शिट्टी झाली तरी नाही. बाबांना हे सर्वांत जड गेलं.

मग घरच्यांनी करायचं तरी काय? भारतात या प्रश्नाचं उत्तर शोधायचा फार मोठा प्रयत्न झाला. फिजिओथेरपिस्ट कमी, गावं लांब, पैसा अपुरा; तेव्हा नातेवाइकांनाच व्यायाम शिकवून घरी पाठवलं तर? देशातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर हा प्रयोग झाला आणि २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले लोक नातेवाइकांना शिकवलेल्या गटात ४७ टक्के होते. न शिकवलेल्या गटातही ४७ टक्के.

हा आकडा वाचून मला रडू आलं होतं. आता त्याकडं मी वेगळ्या नजरेनं बघते. त्याच्या शेजारी आणखी एक अभ्यास ठेवायला हवा. २०११ साली अमेरिकेत ४०८ जणांची पाहणी झाली. एका बाजूला अंगाचा भार पट्ट्यांनी पेलून सरकत्या पट्टीवर चालवणारं महागडं यंत्र, दुसऱ्या बाजूला घरी येऊन ताकद आणि तोलाचे व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट. वर्षभरानं दोन्हीकडं सारखाच फायदा: एकूण ५२ टक्के लोकांचं चालणं वरच्या पायरीवर गेलं होतं. ज्यांचा यंत्रावरचा सराव पक्षाघातानंतर सहा महिन्यांनी सुरू झाला तेही मागं राहिले नव्हते. यंत्र नसलं तरी चालतं. नुसती माया पुरत नाही. उंबरठा ओलांडून घरात येणारं जाणकार माणूस लागतं, आणि महाराष्ट्रात जिल्ह्याचं गाव सोडलं की तेच मिळत नाही. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. इतक्या वर्षांनीही आमच्या मामाच्या गावी फिजिओ म्हणजे ‘मालिशवाल्या बाई’.

घरच्यांचं काम वेगळं आहे. उंबरठा काढून टाकणं. मोरीत भिंतीला दांडी बसवणं. पायपुसणं उचलणं. कपाटातली रोजची साडी खालच्या कप्प्यात आणणं. आणि मग गप्प बसून, हात मागं बांधून, माणसाला वेळ लागताना बघणं. आईला ब्लाऊजच्या चार हुका लावायला पंचवीस मिनिटं लागायची. ती पंचवीस मिनिटं काही न करणं हे मी आयुष्यात केलेलं सर्वांत कष्टाचं काम असेल.

रांगणारा प्राध्यापक

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकवणारे पेद्रो बाख-इ-रीटा यांना १९५९ साली, वयाच्या पासष्टीत, पक्षाघात झाला. अर्धं अंग आणि वाचा गेली. चार आठवड्यांच्या उपचारांत फरक पडला नाही. त्यांचा मुलगा जॉर्ज मेक्सिकोत डॉक्टरकी शिकत होता. तो वडिलांना तिकडं घेऊन गेला. पुनर्वसनाचं त्याला काही ठाऊक नव्हतं. त्यानं विचार केला, मूल आधी रांगतं. त्यानं वडिलांना गुडघ्यावर आणलं, दुबळा खांदा भिंतीला टेकवून रांगायला लावलं. कित्येक महिने. अंगणात हे चालायचं तेव्हा शेजारी चिडायचे: एवढ्या मोठ्या प्राध्यापकाला जनावरासारखं रांगवतो! मग गुडघे, मग पावलं, मग बोलणं. भांडी घासायचं कामही व्यायाम म्हणून होतंच. वर्षभरानं पेद्रो परत शिकवायला लागले. ७२व्या वर्षी, कोलंबियात, मित्रांबरोबर डोंगर चढताना हृदयविकारानं ते गेले. शवविच्छेदनात दिसलं, की मेंदूकडून पाठीच्या कण्याकडं जाणारे बहुतेक मज्जातंतू कधीच नष्ट झालेले होते. त्यांची भरपाई निसर्गानं केलीच नव्हती. उरलेल्या थोडक्या वाटांवरून तो माणूस चालत होता. दुसरा मुलगा पॉल याच धक्क्यातून मेंदूच्या लवचिकपणाचा मोठा संशोधक झाला.

ही गोष्ट मी आईला सांगितली. पेद्रोचं काय झालं यापेक्षा तिला शेजाऱ्यांत रस होता. “लोक बोलणारच,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं भांडी मागितली. स्टूलावर बसून, डाव्या हातानं वाटी नुसती दाबून धरायची आणि उजव्यानं घासायची. पहिल्या दिवशी सहा वाट्या. वहिनी नंतर गुपचूप परत घासायची. एक दिवस आईनं ते पाहिलं आणि दोन दिवस वहिनीशी बोलली नाही. मग गुपचूप घासणं बंद झालं. आम्ही खरकट्या कडांच्या वाट्यांत आमटी जेवलो.

सगळे पेद्रो होत नाहीत, हेही लिहायला हवं. डेन्मार्कमधल्या कोपेनहेगनच्या अभ्यासात ८०४ रुग्ण होते. दाखल होताना निम्म्यांना अजिबात चालता येत नव्हतं. शेवटी निम्मे जण स्वतंत्रपणे चालत होते. २१ टक्के दगावले होते. बहुतेकांची चाल ११ आठवड्यांत जिथं पोचायची तिथं पोचली. त्यानंतरची वाढ मुंगीच्या पावलांनी असते. दवाखान्यातले कंडक्टर अजूनही दांड्यांमध्येच चालतात. त्यांचा मुलगा त्यांना रोज रिक्षातून आणतो आणि बाहेर मोबाइल बघत बसतो. मला आधी त्याचा राग यायचा. आता कळतं की आत येऊन हात धरण्यापेक्षा ते बरं.

यंदा नवरात्रात एका सकाळी मी पाच वाजता उठले तेव्हा मोरीतला मोठा दिवा चालू होता. आदल्या रात्री तो मीच बंद केला होता. बाबांना विचारलं, ते उठले नव्हते. वहिनीला विचारलं, तीही नाही. आई भिंतीकडं तोंड करून झोपली होती. काठी पलंगाच्या पायथ्याला होती. मी ती उशाशी ठेवली होती. उशाजवळचा पाण्याचा तांब्या रिकामा होता.

मी दिवा बंद केला आणि कुणाला काही बोलले नाही. तिनंही विषय काढला नाही. दुपारी, ती मोरीकडं निघाली तेव्हा, मी घड्याळ लावलं: २६ पावलं, २१ सेकंद. पेरीबाईंच्या तक्त्यात हा वेग ०.४ च्या खालीच येतो. घरातल्या घरात चालणारी.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या आणि उंबरठ्याच्या जागी थबकल्या, कारण तिथं आता उंबरठा नाही. “चालायला लागल्या का?” त्यांनी हळूच मला विचारलं.

आतून आई ओरडली, “मला विचार की गं.”